वाजणाऱ्या दातांच्या आधी आणि नंतर



ज्या पशुवैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हा विद्यार्थ्यांना जनावराला हात लावण्याआधी काही वेळ नुसतं बघत बसायला लावत. टेबलावरचं कुत्रं श्वास कसा घेतंय, मान कुठे वळवतंय, जीभ किती वेळा बाहेर काढतंय, हे सगळं पाहून झालं की मगच थर्मामीटर. त्या शिकवणीला धरून मी आज एक असा विषय घेतला आहे, जो प्रयोगशाळेच्या अहवालात क्वचितच सापडतो आणि बघणाऱ्यालाच उलगडतो. कुत्र्याचे दात का वाजतात, हा तो विषय.

दवाखान्यात येणारे लोक हा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. "याला थंडी वाजते हो, स्वेटर घातला तरी दात वाजतातच." कुणी म्हणतं, घाबरट आहे. कुणी म्हणतं, म्हातारपण. अलीकडे परदेशी लांडगा-कुत्र्यांचे व्हिडिओ पाहून कुणी म्हणतं, रानटी रक्त उसळतंय. मला आज आग्रहाने सांगायचं आहे ते एवढंच की दात वाजणं हा स्वतः कोणताच आजार नव्हे आणि त्याचा एकच एक अर्थही नाही. दात वाजण्याच्या आधीच्या मिनिटात काय घडलं आणि नंतरच्या मिनिटात काय घडलं, या दोन मिनिटांतच त्याचा अर्थ असतो. ती दोन मिनिटं डॉक्टरला कधीच दिसत नाहीत. ती घरातल्या माणसाला दिसतात.

आधी जबडा कसा चालतो ते थोडक्यात पाहू. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, पिल्लाला दुधाचे २८. त्याचा खालचा जबडा कानाजवळ बिजागरीसारखा बसलेला असतो. गाय रवंथ करताना जबडा आडवा फिरवते, तसं कुत्र्याला जमत नाही. त्याचा जबडा वर-खाली चालतो. जबडा मिटणारे स्नायू फार ताकदीचे, आणि त्यांना आज्ञा पोहोचवते मेंदूतून निघणारी पाचवी नस. चावण्याची लय मेंदूच्या बुडख्यातून, म्हणजे मस्तिष्कस्तंभातून येते. एकेका चाव्यासाठी कुत्र्याला विचार करावा लागत नाही. त्यामुळे थंडी, भीती, वास, वेदना, विषाणू, विष असं काहीही त्या लयीला किंवा त्या स्नायूंना चाळवू शकतं, आणि प्रत्येक वेळी आपल्या कानावर आवाज एकच येतो.

आता सर्वांत निरोगी कारणाकडे येतो. कुत्र्याला समजून घेण्याच्या दृष्टीने मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

पावसाळा सरता सरता, भाद्रपदात, गावातली आणि शहरातली मोकळी कुत्री माजावर येतात. त्या दिवसांत एखाद्या कुत्र्याकडे नीट पाहा. कुत्रीने लघवी केलेल्या जागी तो येतो, हुंगतो, मग चाटतो. डोकं किंचित वर घेतो आणि थांबतो. नजर कुठेच नसते. जीभ टाळूवर भराभर आपटू लागते, खालचा जबडा बारीक थरथरतो, दात टकटक वाजतात, ओठांच्या कडेला फेस येतो. काही सेकंद, फार तर अर्धं मिनिट. मग तो पुन्हा हुंगतो किंवा वाटेला लागतो. हे घरातल्या कुत्र्याने पहिल्यांदा केलं की मालक फिट आली म्हणून धावत येतात. त्यांची घाबरगुंडी मी समजू शकतो, कारण फेस आणि थरथर एकत्र दिसली की कुणाच्याही मनात तेच येईल.

तिथे घडतं ते असं. कुत्र्याच्या वरच्या पटाशीच्या दातांच्या लगेच मागे टाळूवर एक बारीक उंचवटा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद वाट आहे, आणि ती नाकाच्या तळाशी असलेल्या एका नळीसारख्या अवयवाशी जोडलेली असते. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ लुडविग याकोबसन यांनी १८१३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला याकोबसनचा अवयव म्हणतात. हवेत उडणारे हलके वास नाक सांभाळतं. लघवीत, लाळेत, अंगाच्या स्रावांत विरघळलेले जड रेणू मात्र ओलाव्यातूनच पोहोचवावे लागतात. जिभेचे ते भराभर फटके आणि जबड्याची ती थरथर लाळेत विरघळलेला वास टाळूवरच्या त्या वाटांकडे लोटायला मदत करतात, असं अभ्यासक मानतात. म्हणजे कुत्रा त्या वेळी जवळजवळ वाचत असतो: ही कोण, किती दिवसांपूर्वी इथे आली, माजाच्या कोणत्या टप्प्यावर आहे.

आपल्या शेतकऱ्याला हे वागणं दुसऱ्या रूपात चांगलं ठाऊक आहे. रेडा किंवा बोकड मादीची लघवी हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ मुडपून उभा राहतो, हे न पाहिलेला गोठेवाला नसेल. लाइपझिग प्राणिसंग्रहालयाचे कार्ल माक्स श्नायडर यांनी १९३० साली त्या मुद्रेवर सविस्तर लिहिलं. कुत्रा ओठ तसा मुडपत नाही. त्याच कामासाठी तो जीभ आणि जबडा वापरतो, आणि म्हणून त्याच्या बाबतीत आवाज येतो.

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. या अवयवात वास ओळखणाऱ्या ग्राहकांच्या एका मोठ्या कुळाची शाबूत जनुकं उंदरात दीडशेहून जास्त सापडतात, कुत्र्यात जेमतेम आठ. नाकाच्या बाबतीत आपल्याला कितीतरी मागे टाकणारा हा प्राणी या एका बाबतीत उंदरापुढे गरीब आहे. तरीही चाटणं, जीभ आपटणं, दात वाजवणं हे सगळं वागणं त्याने टिकवून ठेवलं आहे. त्यात एकटा याकोबसनचा अवयव किती काम करतो आणि मुख्य नाक किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालतो. खच्ची केलेला कुत्राही हे कधी कधी करतो, कुत्र्याही करतात, आणि ओळखीच्या कुत्र्याचं तोंड किंवा कान चाटल्यावरही हे दिसतं. त्यामुळे त्याला निव्वळ कामवासना समजणं चूक आहे. आणि त्यावर ओरडणं, दोरी हिसकणं तर त्याहून चूक. माझी मालकांना कळकळीची विनंती असते की ते अर्धं मिनिट त्याला द्या. त्याच्या दिवसातली तीच खरी बातमी असते.

आता लांडगा-कुत्र्यांकडे वळतो, कारण 'रानटी रक्त' हा गैरसमज इथेच जन्मतो.

युरोपात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर ठरवून करण्याचे दोन प्रसिद्ध प्रयत्न झाले. नेदरलँड्समध्ये लेंडर्ट सार्लोस यांनी १९३० च्या दशकात जर्मन शेफर्ड आणि लांडगीण यांच्यापासून सुरुवात केली. त्यातून निघालेली कुत्री लाजरी, अंतर राखून वागणारी निघाली, आणि सार्लोस यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये त्यांच्याच नावाने त्या जातीला मान्यता मिळाली. चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांनी सीमारक्षक दलासाठी असाच प्रयोग केला. ब्रिता नावाची कार्पेथियन लांडगीण आणि सेझार नावाचा जर्मन शेफर्ड यांची पहिली पिल्लं २६ मे १९५८ रोजी लिबेयोवित्से इथल्या सैनिकी कुत्रागृहात जन्मली. आज जगभर 'चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग' म्हणून जी कुत्री पाळतात, ती याच वंशातली.

या कुत्र्यांचा चेहरा लांडग्याचा, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वागणं माणसं लांडग्याच्या खाती टाकतात. चेहऱ्यावर पांढरे गाल, पिवळट डोळे आणि त्यात दात वाजू लागले की पाहुणे मागे सरकतात. पण लांडगा आणि कुत्रा ही एकाच घराण्यातली माणसं. याकोबसनचा अवयव दोघांनाही, जबडा दोघांचाही तसाच. जर्मनीत कील इथे एरिक झिमेन यांनी लांडगे आणि किंग पूडल जातीची कुत्री शेजारी शेजारी वाढवून त्यांच्या वागण्याची तुलना केली होती. तुलनेत बरंच वागणं दोघांत समान दिसलं. फरक होता तो ते किती वेळा, किती तीव्रतेने आणि किती पूर्णपणे घडतं यात. म्हणून वुल्फडॉगने लघवी चाटून दात वाजवले तर त्याचा अर्थ तोच, जो पामेरियनने वाजवले तर.

फरक करायचा तो दुसऱ्या दोन आवाजांत. एक, बारीक आणि सलग टकटक. जबडा जेमतेम उघडतो, अंग सैल असतं किंवा कुत्रा नुसता थबकलेला असतो. दोन, हवेत मारलेला एकच मोठा 'टक्', सोबत ओठ मागे, नाकावर वळ्या, मान ताठ. हा दुसरा आवाज म्हणजे चावा जाणूनबुजून रोखून दिलेली ताकीद. बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या हावभावांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. त्याने आणि त्यानंतरच्या अभ्यासांनी शिकवलं ते हे की लांडग्याचं तोंड एकटं वाचायचं नाही. कान, शेपटी, अंगाची ठेवण सोबत वाचायची. कुत्र्याचंही तेच.

थंडी आणि भीती यांवर फार वेळ घालवत नाही. अंगातली उष्णता घटू लागली की मेंदू स्नायूंना आखडायला-सोडायला लावतो आणि त्यातून ऊब तयार होते. आपले कारवानी शिकारी कुत्रे अंगाने सडपातळ, केस आखूड, अंगावर चरबी नाही. पहाटेच्या गारठ्यात ते लवकर कुडकुडतात. असा कुत्रा अंग आवळून घेतो, आडोसा शोधतो, ऊब मिळाली की थांबतो. भीतीतही असंच: दिवाळीचे फटाके, दवाखान्याचं टेबल, गाडीचा प्रवास. आणि आनंदातही! ग्रेहाउंड आणि ग्रेट डेन यांचे मालक सांगतात की घरी परतलेल्या माणसाला पाहून त्यांची कुत्री दात वाजवतात. चेंडू फेकायच्या आधी ताटकळलेला कुत्राही वाजवतो. ताण सुखाचा असो की दुःखाचा, जबड्याचे स्नायू दोन्हीकडे ताठतात. नंतरचं मिनिट पाहिलं की उलगडा होतो.

ज्या कारणासाठी मी हे व्याख्यान द्यायला तयार झालो, ते पुढचं: वेदना.

तोंडातलं दुखणं कुत्रं सांगत नाही. पाय दुखला तर लंगडतं, पण दात दुखला म्हणून जेवण सोडत नाही. भूक त्याला दुखण्यापेक्षा मोठी असते. ते एका बाजूने चावू लागतं. घास तोंडातून खाली पडतो, पुन्हा उचलतं. कडक भाकरीऐवजी दूधभाताकडे वळतं आणि घरात समजतात, लाडावलंय. गार पाणी पिऊन झाल्यावर दात वाजतात, जांभई दिल्यावर वाजतात, गालाला हात लागला की वाजतात. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांना थोडाफार रोग असतोच, लहान जातींत तर फार. किटण साठतं, हिरडी सुजते, मुळाभोवतीचं हाड झिजतं. कच्चं-शिजलेलं कसलंही टणक हाड, दगड, पिंजऱ्याचे गज चावून वरची मांस कापणारी मोठी दाढ तुटते. तिचा कपचा उडतो आणि आतली नस उघडी पडते. पुढे तिच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते. ती सूज घेऊन लोक महिनोन् महिने डोळ्यांत थेंब घालतात. दुखणं मात्र डोळ्याचं नसतं, तोंडाचं असतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा भूल दिलेल्या जनावरात मिळतो. मांजराचे दात मुळाशी विरघळू लागण्याचा एक रोग आहे. असं मांजर भुलीखाली असतानाही त्या दाताला अवजार टेकवलं की जबडा थरथरतो. जनावर झोपलेलं आहे, मालकाला खूश करायचं नाही, डॉक्टरला घाबरायचं नाही. तरी नस आपलं काम करते. त्यामुळे जेवणाशी, पाण्याशी किंवा तोंडाला लागणाऱ्या स्पर्शाशी दात वाजण्याचा संबंध दिसला तर तोंड तपासलंच पाहिजे, तेही भुलीखाली, दातांच्या एक्स-रेसह. दाताचा मोठा भाग हिरडीखाली असतो. वरून कितीही पाहिलं तरी तो दिसत नाही.

दुसरं मोठं कारण डिस्टेंपर. त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ साली कुत्र्यांतल्या या रोगावर निबंध लिहिला, आणि तो गाळणीतून निसटणाऱ्या विषाणूमुळे होतो हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवलं. आधी ताप, डोळ्यांत चिपड, नाकातून शेंबूड, जुलाब. पायांचे तळवे आणि नाक जाड, खरखरीत होतं. त्यातून पिल्लू सावरतं, घरात आनंद होतो, आणि काही आठवड्यांनी जबडा चालू लागतो, जणू काही चघळतंय. लाळेचा फेस येतो, डोळे शून्यात. कुणाच्या एका पायाचा स्नायू ठोके पडल्यासारखा उडतो, कुणाच्या कानशिलाचा.

याची एक खूण घरच्या घरी कळते. थंडी, भीती, आनंद आणि वास, यांनी वाजणारे दात कुत्रं गाढ झोपलं की थांबतात. स्वप्नात पाय हलणं, ओठ थरथरणं वेगळं. ते क्षणभराचं आणि अनियमित असतं. डिस्टेंपरचा स्नायू मात्र झोपेतही त्याच लयीत उडत राहतो.

आणि या रोगाची दातांशी आणखी एक गाठ आहे. पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत हिरडीखाली कायमच्या दातांचं कवच घडत असतं. त्या काळात डिस्टेंपर झाला तर कवच घडवणाऱ्या पेशी मरतात, आणि पुढे आयुष्यभर दातांवर खड्डे आणि तपकिरी पट्टे राहतात. रस्त्यावरून उचलून आणलेल्या मोठ्या कुत्र्याचं तोंड उघडताच त्याचं बालपण कळतं ते असं. कवच नसलेल्या त्या दातांना गार पाणी झोंबतं. म्हणजे एकाच रोगातून वाचलेल्या दोन कुत्र्यांचे दात दोन वेगळ्या कारणांनी वाजू शकतात. एकाचे नस बिघडल्यामुळे, आणि त्यावर उपाय थोडा. दुसऱ्याचे कवच गेल्यामुळे, आणि त्यावर दातांचा डॉक्टर पुष्कळ करू शकतो. दुसऱ्याला पहिला समजून सोडून देणं मला फार लागतं.

काही कारणांत मात्र बघत बसायचं नसतं. अंगावर पिल्लं पीत असलेली कुत्री, विशेषतः लहान जातीची, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धापा टाकू लागली, अंग ताठलं, दात वाजू लागले, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. तासाभरातही जीव जाऊ शकतो. पिल्लं बाजूला करा आणि तिला उचलून आणा. द्राक्षबागेत, कपाशीत फवारणी झालेल्या दिवशी कुत्र्याला लाळ, उलट्या, जुलाब, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या असं दिसलं तर कीटकनाशकाची शंका घ्या आणि औषधाची बाटली सोबत आणा. आणि अनोळखी कुत्र्याचा जबडा चालतोय किंवा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, असं असेल तर घशात हाड अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या कुत्र्याची मुकी अवस्था अशीच दिसते, आणि नुसत्या डोळ्यांनी ती डिस्टेंपरपासून वेगळी काढणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातं. लाळ जखमेला लागली असेल तर ती जागा साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

बाकी वेळी तुमच्या खिशातला मोबाइल माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा उपयोगी आहे. दात वाजायला लागले की चित्रण सुरू करा, थांबल्यावर लगेच बंद करू नका. पुढचं एक मिनिट घ्या. आवाज दिल्यावर कुत्रं वळतं का, खाऊ दाखवल्यावर भानावर येतं का, नंतर पाय लटपटतात का, हे त्यात दिसलं पाहिजे. वास घेणारा कुत्रा हाक मारली की वळतो. झटका आलेला वळत नाही. त्याच्या आधी काय घडलं, हे कागदावर दोन ओळींत लिहा.

शेवटी माळरानाकडे येतो. आपल्या महाराष्ट्राच्या माळरानावरचा लांडगा शास्त्राला ओळखीचा झाला तोच दख्खनमधून. कर्नल साइक्स यांनी १८३१ साली त्याचं वर्णन केलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांत मेंढपाळांच्या वाटांवरच जगतो. पुण्याजवळ वेगळ्याच पिवळसर रंगाचे लांडगे दिसल्याच्या नोंदींवरून पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टने आणि बंगळुरूच्या संशोधकांनी जनुकीय तपासणी केली, आणि भारतात लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्याकडेही लांडगा-कुत्रा आहे. तो कुणी हौसेने घडवलेला नाही, उकिरडे, मोकाट कुत्री आणि आक्रसत चाललेलं गवताळ रान यांतून घडला आहे. कुत्रा जिथे लांडग्याजवळ जातो तिथे कुत्र्याचा रोगही जातो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातली गावची कुत्री आणि खोकडं यांच्या रक्ततपासणीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्या कुत्र्यांमध्ये डिस्टेंपरचा संसर्ग सर्रास आढळला. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांचे बळी याच विषाणूने घेतले.

मोकाट कुत्र्यांसाठीची सरकारी मोहीम आज नसबंदी आणि रेबीजची लस यांवर चालते. ती हवीच. पण माळरानाला लागून असलेल्या गावांत, वनखात्याच्या आणि पशुसंवर्धन खात्याच्या एकत्र खर्चाने, त्याच दिवशी, त्याच कुत्र्याला डिस्टेंपरचीही लस टोचता येईल. कुत्रं एकदा पकडलेलं असतं, माणसं जागेवर असतात, लसींची शीतपेटी उघडलेली असते. धनगरांच्या वाड्यांवरची कुत्री यात सुटू नयेत, म्हणून ही मोहीम मेंढरं परतल्यावर, पावसाळ्याच्या सुरुवातीला घ्यावी. नान्नज आणि सासवड भागापासून सुरुवात करावी, असा अर्ज मी तयार केला आहे. तो सभागृहाच्या दाराशी ठेवला आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी जाताना त्यावर सही करावी.